मावशीचा गुणक

माझी मावशी सूर्यावर पहारा देते. म्हणजे रोज सकाळी आठला वेधशाळेत जाते, दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या बशीएवढ्या सूर्यावर पेन्सिलीने एकेक डाग गिरवते, मोजते, आणि आज सौरज्वाला भडकण्याची शक्यता किती टक्के ते जहाजांना, विमानांना कळवते. त्यामुळे घरातही तिच्याकडून धड हो किंवा नाही मिळत नाही. भाजीत मीठ घातलंस का विचारलं, तर "साठ टक्के" म्हणते. काका म्हणतात, "हिच्याशी भांडायचं तर आधी गणिताची शिकवणी लावावी लागते."

डाग मोजणाऱ्या प्रत्येकाची नजर वेगळी. त्याच सूर्यावर कोणाला दहा दिसतात, कोणाला तेरा. म्हणून सगळ्या वेधशाळांचे आकडे ताडून प्रत्येकाला एक गुणक देतात. ज्याला कमी दिसतं त्याचा गुणक जास्त. मावशीचा सव्वीस वर्षं जागचा हलला नव्हता. त्याचा तोरा एवढा, की पाहुण्यांनाही ऐकवून झाला होता.

या वर्षी तो चढू लागला. महिन्याचा तक्ता तीच करते, म्हणून आधी कळलं तिलाच. तिने भिंग पुसलं, पेन्सिल बदलली, कागदवाल्याला झापलं. डोळ्यांचं नाव मात्र काढलं नाही, कारण ते काढलं की खुर्ची जाणार. तीन आठवडे ती मूग गिळून बसली.

मग एका मंगळवारी तिने दहा टक्के लिहिलं आणि दुपारी ज्वाला भडकली. समुद्रावरच्या जहाजांचे रेडिओ चाळीस मिनिटं बंद पडले. साहेब म्हणाले, "दहा टक्के म्हणजे दहात एकदा होणारच की, ताई."

सुटका आयती चालून आली होती. पण मावशीने दुसऱ्या वेधशाळेचं त्या दिवशीचं चित्र मागवून आपल्या चित्राशेजारी ठेवलं. तिथे दोन मोठ्या डागांच्या मधे अकरा बारीक ठिपके दाटीवाटीने बसले होते. ज्वाला उठते ती अशाच गर्दीतून. मावशीच्या चित्रात ती जागा कोरी होती.

ती साहेबांच्या खोलीत गेली. "मला ते दिसलेच नाहीत. तीन आठवडे झाले, नीट दिसत नाहीये."

साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून मोजणी दुसऱ्याकडे दिली. आपल्या खुर्चीवरून उठण्याआधी मावशीने त्या तीन आठवड्यांच्या एकवीस चित्रांवर 'निरीक्षकाला नीट दिसत नव्हते' असं लिहून खाली सही केली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला मला फोन केला.

"मोतीबिंदू असेल गं, काढला की झालं," मी म्हटलं.

"निघेल गं तो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "पण तीन आठवडे माणसं माझ्या भरवशावर समुद्रात होती."