बॅटरीवरची झोप

आमच्या मावशीच्या यजमानांइतका झोपेवर जीव असलेला माणूस मी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतकं वाईट झोपणाराही पाहिलेला नाही. काका शहापूरला सरकारी कचेरीत कारकून होते. माणसाला एखादी जागा कळली की नाही हे ते तिथे तो झोपला आहे का यावर ठरवत. "नाशिक बघितलंस म्हणतोस, पण मुक्काम केलास का?" असं ते विचारत, आणि नाही म्हटलं की आपण सांगितलेलं सगळं नाशिक रद्द होई. घरातल्या झोपेला मात्र ते झोप मानत नसत. "छपराखाली माणूस आडवा होतो, झोपत नाय," हे त्यांचं ठाम मत. खरी झोप म्हणजे खळ्यावरची. मुरबाडच्या बाजूला डोंगराखाली त्यांचं थोडं भातशेत होतं. कापणी झाली की भाताचे भारे खळ्यावर रचायचे आणि झोडणी उरकेपर्यंत राखणीच्या नावाखाली तिथेच पेंढ्यावर झोपायचं, हा त्यांचा नेम लहानपणापासूनचा. नोकरीतली रजा ते लग्नकार्यांना घेत नसत, खळ्यासाठी राखून ठेवत.

त्यांच्या घोरण्याबद्दल घरोघरी गोष्टी होत्या. किन्हवलीच्या एका लग्नात काका मांडवात लवंडले तेव्हा नवऱ्याकडचा बँडवाला आपल्या ढोलात काही बिघडलंय म्हणून तपासत बसला होता, असं माझा मामा शपथेवर सांगे. खळ्यावर ते झोपले की शेजारच्या शेतातले बैल दावं ताणून दुसऱ्या टोकाला जात, हे तर मी स्वतः पाहिलंय. आम्ही हसत असू. मावशी मात्र हसत नसे, कारण त्या घोरण्याच्या मध्ये जी शांतता पडे ती फक्त तिला ठाऊक होती. काकांचा श्वास झोपेत थांबायचा. मग ती कोपर मारायची, ते दचकून श्वास ओढायचे आणि पुन्हा सुरू. लग्नापासून मावशी अशी अर्धी जागी झोपत आली होती. "माझी झोप माझ्या कोपरात हाय," ती म्हणायची.

काका निवृत्त झाल्यावर एकदा भरदुपारी जेवताजेवता ताटावरच झोपले, तेव्हा मी त्यांना कल्याणच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. छोटी पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मुखवटा. यंत्र रात्रभर हवा आत ढकलतं, त्यामुळे गळा मिटत नाही आणि श्वास थांबत नाही. "एकही रात्र चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाले. काका मुखवटा लावून पहिल्यांदा झोपले तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले. "कारकून रात्रीचे गणपती होतात," असं आळीत झालं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. मावशी त्या रात्री अशी झोपली की सकाळी दूधवाला हाका मारून निघून गेला.

हिवाळा आला आणि प्रश्न उभा राहिला. खळ्यावर वीज नव्हती. मी म्हटलं, "काका, आता खळं सोडा. राखणीला माणूस ठेवू."

"मशीन येईल ना खळ्यावर," काका म्हणाले.

"आणि लाईट?"

"बॅटरी येईल."

त्या वर्षी दिवाळीपासून काका बॅटरीच्या मागे लागले. मंडपवाल्याकडे लाउडस्पीकरची बॅटरी होती, ती मागून आणली. सोबत इन्व्हर्टर आला. तालुक्यात लोडशेडिंगला सगळे शिव्या देत, तेव्हा काका एकटेच त्याची वाट बघत बसलेले असायचे, कारण तेवढीच बॅटरी तपासायची संधी. हवा ओलसर करणारं यंत्रातलं तापतं भांडं बंद ठेवलं की बॅटरी सकाळपर्यंत पुरते, हा शोध लागला त्या दिवशी त्यांनी आम्हाला जिलबी खाऊ घातली. मावशी हे सगळं बघत होती. निघायच्या दिवशी तिने आपली पिशवी भरली.

"तू कुठं गो?" काकांनी विचारलं.

"खळ्यावर. तुमच्या बॅटरीवर माझा भरोसा नाय."

इतक्या वर्षांत मावशी खळ्यावर कधी राहिली नव्हती. आम्ही तिघं जीपने गेलो. शेवटच्या पायवाटेवर गाडी जाईना, म्हणून दोन गड्यांनी ती जड बॅटरी बांबूला बांधून खांद्यावरून नेली. मागे काका चालत होते, "सावकाश रे, हलवू नका," म्हणत, एखाद्या आजाऱ्याला डोलीतून नेताना म्हणावं तसं.

संध्याकाळी मावशीने तीन दगडांची चूल मांडली. अंधार लवकर पडला. काकांनी थोडा वेळ पाहिलं आणि बॅटरीला एक बल्ब जोडून तिच्या डोक्यावर टांगला.

"राहू द्या, बॅटरी संपेल," मावशी म्हणाली.

"अंधारात भाकरी कशी थापशील? संपत नाय."

त्या उजेडात जेवण झालं, भांडी झाली, मग मावशी पाय पसरून बसली आणि तिच्या माहेरच्या खळ्याच्या आठवणी सांगत राहिली. बल्ब जळतच होता. काकांनी तो विझवला नाही.

पहाटे थंडीने मला जाग आली. मावशी दोन गोधड्यांत गाढ झोपली होती. काका भाऱ्याला टेकून बसले होते, अंगावर शाल, मुखवटा मांडीत. यंत्राचा आवाज नव्हता.

"बॅटरी बसली?" मी हळू विचारलं.

"कवाच."

"मग तसंच पडायचं ना थोडं."

"घोरलो असतो. मग ही उठून बसली असती माझा श्वास ऐकत." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "झोपलेय कशी बघ. मी अशी बघितलीच नव्हती कधी. मी आधी झोपायचो ना."

जरा वेळाने ते म्हणाले, "तिला सांगू नको हां. पुढच्या वर्षी यायची नाय." मी मान डोलावली.

ऊन वर आल्यावर मावशी उठली, केस सावरत म्हणाली, "काय झोप लागली. खळ्यावर असं असतं होय?" काका म्हणाले, "मग, सांगत काय होतो इतकी वर्षं?" आणि दुपारी झोडणी चालू असताना ते बसल्या बसल्या पेंढ्यात कलंडले. "रात्रभर झोपून पोट नाय भरलं यांचं," मावशी हसत गड्यांना म्हणाली आणि जवळ जाऊन बसली, कोपर तयार ठेवून.

पुढच्या वर्षापासून दोन बॅटऱ्या नेल्या. मावशी दर हिवाळ्यात गेली. मग काकांचे गुडघे गेले, आणि काही वर्षांनी, छपराखालीच, काकाही गेले.

मागच्या कापणीला मी मावशीला शेत दाखवायला नेलं. खळ्याच्या जागी आता गवत वाढलंय. आम्ही बांधावर बसलो, आणि काकांना दिलेला शब्द मोडून मी तिला ती रात्र सांगितली. ती बांधावरचं गवत उपटत राहिली. डोळ्यांना पदर लावला नाही, हसलीही नाही. मग समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाली,

"मला उठवायचं ना. दोघं बसलो असतो."