मन वळवण्याचा पेपर

वर्गात शिकलेलं बरंचसं मी विसरले. वर्गाबाहेर झालेल्या फजित्या मात्र सगळ्या लक्षात आहेत, आणि जुने मित्र भेटले की त्यात एखादी भर पडतेच. सुरतेत मानसशास्त्रात एम.ए. करताना आम्ही सहाजणांनी एक ऐच्छिक पेपर घेतला होता, राजकीय संवादाचं मानसशास्त्र. नेता बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, असा साधारण विषय. घरी सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "म्हणजे तू निवडणुकीला उभी राहणार?"

*

पहिला सर्व्हे मी आमच्याच भागात, भेस्तानमध्ये केला. प्रश्न होता, तुमच्या भागातल्या पुढाऱ्यावर तुमचा किती विश्वास आहे, एक ते सातमधला आकडा सांगा. आमच्या मागच्या गल्लीत हिंगोलीकडच्या एक मावशी राहतात. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकला, मेथी निवडणं थांबवलं आणि विचारलं, "पास व्हायला किती लागतेत?"

हे फॉर्ममध्ये नव्हतं. मी आपलं तीन म्हणाले.

"मंग दोन लिही. बसू दे पुन्यांदा."

हा पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी तो फॉर्म बाद केला, कारण उत्तर मी सुचवलं होतं. मावशींचं वाक्य मात्र त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

*

आमच्यात सगळ्यात हुशार निकुंज, कतारगामचा. भीती घातली तर लोक जास्त ऐकतात का, हे बघायला आम्ही दोघांनी कोसाडच्या वसाहतीत दोन तऱ्हेची पत्रकं वाटली. एका इमारतीत, 'पाणी जपून वापरा, सगळ्यांना पुरेल.' दुसरीत, 'पाणी जपून वापरा, नाहीतर नळ कोरडे पडतील.'

दुपारपर्यंत वसाहतभर पसरलं की सोमवारपासून नळ बंद. बायकांनी पिंपं भरली, बादल्या भरल्या, एकीने तर कुकरसुद्धा भरून ठेवला. जपून वापरायचं पाणी तासाभरात टाकीतून संपलं.

मॅडमनी आम्हाला तसंच परत पाठवलं. दारोदार जाऊन सांगायचं की असं काही नाही, तो आमचा अभ्यास होता. आम्ही चार मजले चढलो, उतरलो, माफी मागितली. एका काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "पाणी येणार आहे हे सांगायला आजवर कोणी दारात आलंय का? अजून एक पिंप भर."

*

याच निकुंजला पीएच.डी. करायची होती. वडील हिरे घासायचे, आणि मुलाने आता शिक्षण पुरे करून कारखान्यात यावं असं त्यांचं म्हणणं होतं. मन वळवण्याच्या पेपरात पहिला आलेला निकुंज महिनाभर वडिलांचं मन वळवत होता. काही झालं नाही. शेवटी मॅडम त्याच्या घरी गेल्या. सोबत मी.

मॅडम छान बोलल्या. आधी वडिलांच्या कारागिरीचं कौतुक, मग मुलाच्या गुणांचं, मग सावकाश मुद्द्यावर. निकुंजचे वडील मान खाली घालून ऐकत होते. चहा संपल्यावर त्यांनी गुजरातीत विचारलं, "बेन, आल्यापासून तुम्ही माझं नाव पाच वेळा घेतलंत. हे पण तुमच्या पुस्तकात आहे ना?"

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आहे."

ते पहिल्यांदाच हसले. मुलाकडे बघून म्हणाले, खरं बोलणाऱ्या बाईंकडे शिकतोयस तर शिक. निकुंज आता पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे.

*

माझा प्रबंध होता आवाज बंद करून दाखवलेल्या भाषणांवर. शब्द ऐकू आले नाहीत तर माणूस बोलणाऱ्याविषयी काय ठरवतो? कल्पना बाबांवरून सुचली. त्यांची हयात पॉवरलूमवर गेली, त्या खडखडाटात कान गेले. कानाला मशीन लावत नाहीत. टीव्हीवर पुढारी दिसला की नुसतं बघतात आणि सांगतात, हा वाचून बोलतोय, हा घाबरलाय, ह्याचं ह्यालाच पटलेलं नाही. माझ्या अभ्यासात पहिलं नाव त्यांचंच होतं. नियमाने घरचं माणूस घ्यायचं नसतं. मी आडनाव न लिहिता नुसतं नाव लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा रजा टाकून आले. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरत पानं उलटत होते. बरंच काही विचारून झाल्यावर त्यांनी इंग्रजीत सहज विचारलं, यात तुमच्या नात्यातलं कोणी नाही ना? मी म्हणाले, "नो सर." चेहरा सरळ ठेवला, नजर हलवली नाही, हात टेबलावर ठेवले. दोन वर्षं तेवढंच तर शिकत होते.

निकाल तिथेच कळला. मॅडमनी पाठ थोपटली. बाबांना मी अंगठा उंचावून दाखवला, त्यांनीही दाखवला.

घरी येताना आम्ही शेअर रिक्षात बसलो. उधनापर्यंत बाबा बाहेर बघत होते. मग माझ्या कानाशी वाकून, त्यांच्या समजुतीने अगदी हळू, पण सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ते चष्मेवाले साहेब माझ्याबद्दल काय विचारत होते?"