टीव्हीखालचा खण

धाकट्या भावाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पैनगंगेच्या काठावर भाताचे पिंड मांडून आम्ही बाजूला सरलो होतो आणि समोरच्या बाभळीवर कावळे नुसते बसून होते. एकही ओरडत नव्हता. उन्हं चढली तसं एकेकानं पुढं होऊन भावाला शब्द द्यायला सुरुवात केली. आमच्यात तसंच करतात. गेलेल्याची एखादी इच्छा राहिली असली तर कावळा खाली येत नाही. ती ओळखावी लागते आणि पुरी करू असं मोठ्यानं सांगावं लागतं.

काका म्हणाले, "तुया मायबापाले आमी पाहू." कावळे हलले नाहीत. मामांनी बाबांच्या दुकानाचं सांगितलं, मग घरावर पत्रे टाकायचे राहिले होते त्यांचं सांगितलं.

"मामा, तेलुगूत सांगा," मागून एक चुलतभाऊ म्हणाला. "या काठाचे कावळे आंध्राचे हायत. मराठी कायले समजते त्यायले."

कोणी हसलं नाही. मामांनी खरंच एक वाक्य तेलुगूत म्हणून पाहिलं.

मग मी पुढं झालो. "तुया कम्प्युटर मी पुरा करतो," म्हणालो. एक कावळा फांदीवरून उतरून वाळूत बसला. पिंडाजवळ आला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि तसाच थांबला.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "कोनता, ते सांग त्याले."

कोणता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. धाकटा आदिलाबादेत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करी आणि जमेल तसा हैदराबादहून एकेक सुटा भाग आणून ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवी. मुख्य बोर्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, चित्र टीव्हीवर पाठवणारं कार्ड, आवाजाचं कार्ड. सगळं बसवायचा डबा, म्हणजे कॅबिनेट, तेवढं राहिलं होतं. माजघरातल्या आमच्या टीव्हीला लाकडी पेटी होती आणि पडद्याच्या खाली एक रिकामा खण. कम्प्युटर त्या खणातच बसला पाहिजे असा त्याचा हट्ट होता. बाहेर फक्त टीव्ही दिसावा, त्यावर सीडीचे सिनेमे लागावेत, गेम खेळता यावेत. त्याला तो घरची टॉकीज म्हणे.

मी मासिकं वाचून त्याच्याशी वाद घालत असे. उभा टॉवर घे, स्वस्त पडतो, आत हवा खेळते, पुढं काही घालायचं तर जागा राहते. आडवा चपटा डबा तापतो. त्यात कार्डं उभी मावत नाहीत, ती आडवी बसवावी लागतात, तीही दोनच.

"तू पुस्तकात पाहून सांगतं, दादा," तो म्हणे. "मी खणात पाहून सांगून राह्यलो. मले दोनच कार्डं पायजेत."

त्यानं खणाचं माप सुताच्या दोऱ्यानं घेतलं होतं. आमच्याकडे खिडकी असो की पलंग, माप दोऱ्यानंच घेतात आणि तिथं गाठ मारतात. त्याच्या दोऱ्याला रुंदी, खोली, उंची अशा तीन गाठी होत्या. भाद्रपदात त्याला मेंदूचा मलेरिया झाला आणि चार दिवसांत तो गेला. दोरा त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडला, तो मी ठेवून घेतला.

नदीच्या काठावर मी खिशातल्या दोऱ्याच्या गाठी चाचपत राहिलो. शेवटी बाबाच कावळ्याला म्हणाले, "लहानच आणू, बाप्पा. टीव्हीखाली बसन असा." कावळ्यानं पिंडात चोच मारली. मग बाभळीवरचे सगळे एकदम उतरले.

त्या दिवसापासून बाबांना दुसरं काही सुचेना. कावळ्याला दिलेला शब्द पुरा होईस्तोवर पोरगा घरातून सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. रोज सकाळी तोंड धुतलं की ते टीव्हीपाशी जात, खालच्या खणात हात घालत आणि म्हणत, "हाय अजून."

मी शिकलेला माणूस, शाळेत मास्तर. एकदा घरात कोणी नसताना मीही हात घातला. लाकूड कोमट होतं. बराच वेळ चाललेलं यंत्र नुकतंच कोणी उचलून नेलं तर खालची फळी लागेल, तसं. सुतकापासून टीव्ही लावला नव्हता. मागच्या भिंतीला चूल नव्हती, ऊनही तिथवर येत नव्हतं. मी हात काढून घेतला नाही. उलट त्या दिवसापासून मी रोज घालू लागलो, बाबा दुकानात गेल्यावर. फळी गार लागेल या भीतीनं आधी बोटंच टेकवून पाहत असे.

बाबा विचारत, "काऊन जाऊन नाई राह्यला हैदराबादले?" मी शाळेच्या परीक्षांचं सांगायचो. परीक्षा होऊन गेल्या होत्या.

दिवाळी झाल्यावर गेलो. सकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. नेरडीगोंड्याच्या पुढं सागाची झाडं सुरू झाली, पानं तपकिरी पडायला लागलेली. घाट उतरताना मनात ठरलं, टॉवरच घ्यायचा. त्यात खोटं काही नव्हतं. तोच स्वस्त, तोच टिकाऊ. तो खणात मावणार नाही, शब्द पुरा होणार नाही आणि फळी कोमट राहील. हे मी मनातल्या मनात इतक्या सरळ शब्दांत म्हणालो की शेजारच्या माणसाला ऐकू गेलं की काय असं वाटून त्याच्याकडे पाहिलं. तो झोपला होता.

भाऊ ज्या दुकानातून भाग आणी ते जिन्याखालचं अंधारं दुकान होतं. मी टॉवर दाखवा म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"टॉवर काय को? वो चपटा पसंद करके गए थे ना आप."

"मी पहिल्यांदाच येतोय," मी हिंदीत सांगितलं. "माझा भाऊ आला असेल. आम्ही सारखे दिसतो."

"होंगे भाई. रखने को बोले थे. बोले, घर में पूछ के आतूँ."

"कधी?"

त्यानं गल्ल्यावर सुकलेल्या झेंडूच्या माळेकडे पाहिलं. "दशहरे के बादिच. माला ताजी थी."

दसऱ्याला आमच्या दारावर तोरण नव्हतं. भाऊ जाऊन तेव्हा महिना होत आला होता. दुकानदाराच्या लक्षात चूक झाली असेल. श्रावणातली गोष्ट तो दसऱ्याची म्हणून सांगत असेल. दिवसभरात त्याच्याकडे किती तोंडं येत असतील. मी हे सगळं त्याला सांगणार होतो.

"धागे से नापे," तो म्हणाला आणि माळ्यावरून डबा काढून माझ्यापुढं ठेवला. चपटा, राखाडी, वर धूळ. धुळीत दोन बाजूंना बोटं टेकल्याच्या जागा स्वच्छ होत्या.

मी खिशातून दोरा काढला. दुकानदार म्हणाला, "हौ, येहीच." पहिली गाठ कडेला टेकली. दुसरी टेकली. उंचीच्या गाठीला बोटभर दोरा उरला, हवेसाठी सोडला असावा.

घर में पूछ के आतूँ. तो घरी विचारायलाच आला होता आणि इतके दिवस आम्ही त्याला उत्तर दिलं नव्हतं. मी रोज हात घालून त्याला थांबवून ठेवत होतो. मी चपटा डबा बांधून द्यायला सांगितला.

भावाच्या आदिलाबादच्या दुकानातल्या मित्रानं रविवारी येऊन सगळे भाग जोडले. डबा खणात सरकला तेव्हा लाकूड किंचित करकरलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. एका सीडीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. मित्रानं तो लावून दिला आणि चहा न घेताच गेला. बाबा खुर्ची ओढून बसले. मी खाली सतरंजीवर कीबोर्ड घेऊन बसलो.

टीव्हीवर रस्ता आला, दोन्हीकडे झाडं. माझी गाडी मागे होती, पुढं आणखी एक.

"तो दुसरा कोन चालवून राह्यला?" बाबांनी विचारलं.

"कोनी नाई. कम्प्युटरच चालवते."

बाबा पाहत राहिले. मला नीट जमत नव्हतं. गाडी सारखी झाडांवर आपटायची. दरवेळी मी रस्त्यावर परत येईतो पुढची गाडी दिसेनाशी झालेली असायला हवी होती. ती वळणाच्या तोंडाशी असायची. मी जवळ गेलो की निघायची.

"तुयासाठी थांबते तो," बाबा म्हणाले.

"गेम तसाच बनवेल असते, बाबा."

"असन."

मी पुन्हा आपटलो, पुन्हा रस्त्यावर आलो. ती वळणाशी होती. खणातला पंखा बारीक घरघरत होता.

"लेका," बाबा म्हणाले, "त्याले जाऊ दे आता."

मी बटणावरचं बोट उचललं. माझी गाडी हळू होत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुढची थोडा वेळ तशीच होती. मग निघाली आणि वळणाआड गेली. तिचा आवाज त्यानंतरही काही वेळ येत होता. बाबा आणि मी तो संपेपर्यंत ऐकत बसलो.