ओव्हनमधली भेंडी आणि थोरले दीर

आजारी माणसाला भेटायला आमच्यात कुणी रिकाम्या हाताने येत नाही. नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला, डॉक्टरांनी तळलेलं कायमचं बंद केलं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी थोरले दीर उल्हासनगर कॅम्प चारमधून आमच्या पालेगावच्या फ्लॅटवर आले ते टूक घेऊन. टूक म्हणजे बटाट्याच्या नाहीतर अळकुड्यांच्या जाड फोडी एकदा तळायच्या, तळहाताने चेपायच्या आणि पुन्हा तळायच्या. सिंधी शेजाऱ्यांकडून या घराण्याने धंदा शिकायला हवा होता. शिकले काय, तर टूक.

सासरे हृदयाच्या दुखण्यानेच गेले, मधले दीरही. दोघेही साठीच्या आत. तरी थोरल्यांचं एकच पालुपद, "एका घासाने काय होतंय?" आणि थोरल्या भावाने दिलेला घास नाकारायचा नाही, हा या घरातला कायदा. माझ्या नवऱ्याने अंबरनाथच्या कंपनीत युनियन चालवली, मॅनेजरला तोंडावर नाही म्हणाला, पण दादापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. असल्या शौर्याचं मी काय लोणचं घालू? चीड यायची मला. भीती त्याहून जास्त वाटायची.

म्हणून मी कॅम्प दोनच्या बाजारातून ओव्हन आणला. सोसायटीतल्या बायकांनी लगेच व्हिडिओ पाठवले. त्यांतल्या एका व्हिडिओत एक नटवी बाई भेंडी ट्रेमध्ये मांडून म्हणते, "अगदी तळल्यासारखी लागते हं!" खोटारडी. माझा पहिला घाणा कडेने कोळसा आणि मधे गिच्च. दुसरा गरम असताना कुरकुरीत, डब्यात गेला की मऊ पडला. मग माझं मीच शोधलं. भेंडी उभी, पातळ चिरायची, फडक्याने कोरडी टिपायची, चमचाभर तेल आणि तांदळाचं पीठ चोळायचं, ट्रेमध्ये एकावर एक न पडता पसरायची, मधे एकदा उलटायची. आणि झाली की ओव्हनचं दार किलकिलं ठेवून आतच गार होऊ द्यायची. तेव्हा कुठे ती दाताखाली वाजायला लागली. व्हिडिओतल्या बाईने हे काही सांगितलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष लिपस्टिककडे.

नवरा आठवडाभर ती भेंडी आवडीने खायचा. रविवारी दादा आले की तिलाच पालापाचोळा म्हणायचा आणि टूक उचलायचा. दोघे भाऊ खदाखदा हसायचे. मी एकदा भरलेला डबाच दिरांच्या हातात दिला, म्हटलं, "घरी नेऊन नीट खाऊन तर बघा."

पुढच्या रविवारी ते जयभीम घालत आले, बसायच्या आधी तोच डबा उघडला. भेंडी तीच, पण काळपट, तेलाने चकचकणारी, वर लाल तिखट आणि आमचूर.

"बघ, काय मस्त झालीय!" ते म्हणाले. "तू एकदा भाजली होतीस, मी घरी एकदा तळून घेतली. झालं ना टूक!"

"अहो दादा, यांना तळलेलं चालत नाही."

"अगं, टूक दोनदा तळतात. हे एकदाच तळलंय. म्हणजे तेल अर्धंच ना? डोकं चालव जरा."

या माणसाने जन्मभर गिरणीतल्या सुपरवायझरला अक्कल शिकवल्याच्या गप्पा मारल्या आहेत. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो डब्याकडे पाहत होता. दिरांनी मूठभर भेंडी उचलून त्याच्या ताटलीत ठेवली, "घे, माझ्या हातची आहे." नवऱ्याचा हात ताटलीकडे गेला. चेहरा मात्र ऑपरेशनला आत नेताना होता तसा, पांढराफटक.

मी ताटली ओढून घेतली. दिरांच्या समोर मी कधी पाणीसुद्धा बसून प्यायले नव्हते. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि ताटलीतली सगळी भेंडी खाल्ली. मग डबा मांडीवर घेतला आणि तोही संपवला. 

"नवऱ्याच्या तोंडचा घास काढतेस?" दीर ओरडले.

"हो," मी म्हटलं. "रोज काढीन."

ते तडक उठून निघून गेले. दार आपटलेलं पूर्ण मजल्याने ऐकलं असेल. नवऱ्याने माझ्या मांडीवरचा रिकामा डबा उचलून झाकण लावलं. मग म्हणाला, "मला दादाला नाही म्हणता येत नाही गं. बाबांचं, मधल्याचं आठवत होतं. तरी हात गेला."

मला रडूही आलं आणि त्याचा रागही आला.

"पुढच्या रविवारी ‘नाही’ तुम्हीच म्हणायचं," मी म्हटलं. "मी तरी तुमच्या वाटणीचं किती दिवस खाऊ?"