न बोलता घ्यायचं औषध

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला एकच गोष्ट बजावली. "डोक्याचं तिकडं कोनाला सांगू नको गो. कळलं तर पाठवतील परत." मला अर्धशिशी होती. डावं कानशील ठणकायचं, उजेड सोसायचा नाही आणि भडाभडा ओकल्याशिवाय बरं वाटायचं नाही. आमचं गाव आटगावजवळ, सासर पार मुरबाडकडे म्हसा गावाच्या अलीकडे, त्यामुळे तिकडे कुणाला याची कुणकुण नव्हती.

अशा बाईच्या नशिबी काम कोणतं यावं? भात कांडायचं. उखळात मुसळ पडलं की घाव माझ्या डोक्यात. एकदा मुसळ टाकून गोठ्यामागे ओकायला पळाले, तर शेजारणींनी काढायचा तो अर्थ काढला आणि संध्याकाळी पदरात चिंचा घेऊन हजर! मी मुकाट्यानं चिंचा खाल्ल्या. दुसरं काय करणार? पण पुढे महिने गेले तरी पोट काही दिसेना. सासू बोलायची नाही, नुसती बघायची. आमच्याच आळीतली एक सून फिट येते म्हणून माहेरी पोचवली होती. त्यामुळे मला त्या बघण्याची फार धास्ती वाटायची.

पौषात म्हशाची जत्रा भरली. तिथे बैलबाजाराच्या कडेला एक म्हातारा अर्धशिशीवर औषध देतो, असं कानावर आलं होतं. कसलीशी मुळी उगाळून तो नाकात थेंब सोडायचा. अट मात्र कडक. पहाटे न बोलता जायचं, न बोलता यायचं, घरचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि औषधाचं कुणाला कधी सांगायचं नाही. बोललं की गुण गेला. सासू अंधारातच वालाच्या शेताकडे गेलेली पाहून मी सटकले.

तिथे पोचले आणि चाटच पडले. मला वाटायचं, अख्ख्या तालुक्यात हे दुखणं माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय. इथे तर रांग पार बैलांच्या दावणीपर्यंत! पदर पुढे ओढलेल्या बाया, मुंडासं डोळ्यांवर घेतलेले बाप्ये, आणि सगळे मुके. सांगायचंच नाही म्हटल्यावर हे किती जणांना आहे ते कळणार तरी कसं? थेंब पडला की माणूस शिंकायचा, तेवढाच काय तो आवाज. मला हसू आवरेना.

तेवढ्यात पुढून एक शिंक आली. आधी बारीक, मग मोठी, आणि शेवटी गाय हंबरावी तशी. ती शिंक आमच्या आळीतली पोरंसुद्धा ओळखायची. सासूनं नाक पुसत मागे पाहिलं, आणि आमची नजरानजर झाली.

बोलायची सोय तिलाही नव्हती आणि मलाही. माझ्या नाकात थेंब पडेपर्यंत ती बाजूला उभी राहिली, मग आम्ही दोघी निघालो. ती पुढे, मी मागे शिंकत. वाटेत ओळखीच्यांनी हाका मारल्या, तिनं नुसता हात हलवला. पाठीवरून माणसाच्या मनातलं काय कळणार? मी आपली मनातल्या मनात बोचकं बांधत होते, आणि माहेरच्या दारात उभी राहिल्यावर आईला काय सांगायचं ते ठरवत होते.

सासूनं उंबरा ओलांडला. मी ओलांडला. ती वळली.

"कंची बाजू?"

"डावी," मी कशीबशी म्हणाले.

"माजी उजवी." ती खाली बसली आणि मलाही हात धरून बसवलं. "लगीन झाल्यापासून कोनाला बोलले नाय मी. आयनं सांगलेलं, कळलं तर पाठवतील परत."

मला रडूच कोसळलं. ती मात्र माझ्याकडे बघून जी हसत सुटली ती थांबेना.

"रडतेस कशाला गो? दोघींचं मिळून एक डोकं तरी धड हाय ना आता घरात."