लहान लॉट, मोठा लॉट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. कंपनीचा कारखाना मुलुंडला. तिथलं मोठं मशीन युनिक्स या प्रणालीवर चालायचं, आमचे पीसी डॉसवर. साहेबांचा हट्ट एकच होता, मुलुंडची फाइल अंधेरीच्या पडद्यावर दिसली पाहिजे. जणू मध्ये फक्त एक भिंत होती.

दोन्हींमध्ये होती टेलिफोनची एक लाइन. तिच्यावरून मोडेमने फाइल यायची आणि त्याच लाइनवर सगळं ऑफिस बोलायचं. फाइल निम्मी आली की कुणीतरी रिसीव्हर उचलायचं, "हॅलो, हॅलो" करायचं, आणि सगळं पहिल्यापासून. मी फोनवर कागद चिकटवला, 'उचलू नये'. अकाउंट्सवाल्यांनी तो काढून त्यावर चहाचा कप ठेवला. तीन महिने असे काढल्यावर फाइली रोज आपोआप यायला लागल्या. साहेबांनी पेढे वाटले.

दहा-बारा दिवसांनी सकाळी मुलुंडहून फोन आला. तिथल्या तपासणी प्रयोगशाळेच्या बाई होत्या. मरोळ गावठाणातल्या ख्रिश्चन, पन्नाशीच्या, कारखान्यात सगळ्यांत जुन्या.

"अरे, खोकल्याच्या औषधाचे चार लॉट मी काल अडवलेत. तुमच्याकडून ते पाठवायचा हुकूम कसा आला?"

"बाई, तुम्ही अडवलेल्यांची यादीच पाठवली नाहीत."

"पाठवली. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"इथे आलेली नाही. आमच्याकडे फक्त तयार मालाची यादी आहे."

"मग तुझं ते यंत्र आंधळं आहे. ट्रक मी गेटवर उभा करून ठेवलाय. तू ये आणि बघ."

मी चरफडत पवईमार्गे बसने मुलुंडला गेलो. चूक त्यांचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. वाटेत दोनदा मनातल्या मनात त्यांना ऐकवूनही झालं.

बाईंनी पडद्याकडे बोट केलं. तिथे दोन फाइली होत्या. दोन्हींचं नाव लॉट. तयार मालाची यादी लहान इंग्रजी अक्षरांत, अडवलेल्यांची मोठ्या अक्षरांत. युनिक्सला ती दोन वेगळी नावं. आमच्या डॉसला लहान-मोठं अक्षर सारखंच, म्हणून नावही एकच. मोठ्या अक्षरांची फाइल आधी पोचली, मागून लहान अक्षरांची आली आणि तिच्यावर बसली. माल अडवायची वेळ जोडणी झाल्यापासून पहिल्यांदाच आली होती, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नाही. माल पाठवायचे हुकूम काढणाऱ्या अंधेरीच्या डिस्पॅचने यादी नाही म्हणजे काही अडवलेलं नाही असं धरलं होतं.

"मी तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "अडवलेल्यांचं नाव मोठ्या अक्षरांत ठेवू का, पटकन डोळ्यात भरेल. तू म्हणालास, काहीही ठेवा."

म्हणालो होतो. मला ते लख्ख आठवलं. कान तापले. ते औषध लहान मुलांचं होतं, हे मी तोवर लेबलावर वाचलंही नव्हतं.

"सॉरी बाई."

"सॉरी ठीक आहे. आधी ते चार लॉट उतरवून घे."

गोदामातल्या माणसांबरोबर मीही खोकी उतरवली. तेवढ्यात साहेबांचा फोन. "कारखान्याने नावं चुकीची दिली, असा रिपोर्ट लिही." मी म्हटलं, "साहेब, नावं मीच पास केली होती." तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

नावांचे नियम मी त्याच आठवड्यात लिहून काढले. साहेब पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. बाई मात्र फाइल पाठवूनही अडवलेल्या लॉटांची, नसले तर 'काही नाही' अशी, हाताने लिहिलेली चिठ्ठी रोज कारखान्याच्या गाडीने पाठवायला लागल्या. एवढी मेहनत करून शेवटी चिठ्ठीच, याचा मला रोज वैताग यायचा. तरी ती हातात पडेपर्यंत मी डिस्पॅचला होकार देत नसे.