मोखाड्यात उघडलेला अर्ज

माझ्यामुळे एका मुलीचे वर्ष वाया गेले, हे मी कुणालाही सांगितले नव्हते.

मी कारकून आहे त्या जव्हारच्या सरकारी कार्यालयात वसतिगृहाचे अर्ज एकाच संगणकावर उघडत. पुढे तोच प्रोग्रॅम ब्राउझरमधून कुठेही उघडेल, असे परिपत्रक आले. मला ते उमगले नाही आणि विचारण्याची लाज वाटली. त्याच सुमारास संगणक बिघडला. नातीच्या अर्जातली चूक दुरुस्त करून घ्यायला मोखाड्याहून येणाऱ्या एका आजींना मी तीनदा म्हणालो, "संगणक बंद आहे, सोमवारी या." दर वेळी त्या चपला दाराबाहेर काढत, कागद गुडघ्यावर सरळ करत आणि तसाच पिशवीत ठेवत.

चौथ्यांदा आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, मोखाड्याच्या कम्प्युटर सेंटरवालीनं काल नातीचा अर्ज तिच्या मशीनवर उघडला, पन मुदत सरली म्हनाली. तुमचा प्रोग्राम पन एसटीनं मोखाड्याला जातो का?"

तो प्रोग्रॅम नेमका असतो कुठे, हे मला आजही नीट कळत नाही.

वसतिगृह न मिळाल्याने नातीचे वर्ष गेले; यंदा त्या नवा अर्ज घेऊन आल्या. मी खुर्चीवरून उठलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "आजी, गेल्या वर्षी तुमचं काम मी अडवलं. अर्ज कुठूनही उघडतो हे मला समजलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. मला माफ करा."